दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाची खरी वेळ : मराठवाड्यातून पहिल्यांदाच विमानानं निघणाऱ्यांसाठी

"संभाजीनगरहून मुंबईला विमानानं किती वेळ लागतो?" या प्रश्नाला कुणी पाऊण तास सांगतं, कुणी तास-सव्वा तास सांगतं, आणि जो नुकताच जाऊन आलेला असतो तो म्हणतो, "कशाचा तास अन् काय, सकाळी निघालो तर दादरला पोचायला दुपार झाली." तिघंही खरंच बोलत असतात. पहिला माणूस विमान हवेत किती वेळ असतं ते सांगतो, दुसरा तिकिटावरची वेळ सांगतो आणि तिसरा घराच्या दारापासून मोजतो. अंतराचंही असंच आहे. रस्त्याचं, रेल्वेचं आणि आकाशातलं अंतर वेगवेगळं असतं, आणि इंटरनेटवर शोधलं की यातलं कुठलंही एक समोर येतं.

पुण्या-बंगळुरूला शिकायला निघालेली मुलं, दुबईत पहिली नोकरी लागलेले, उमऱ्याला निघालेली जोडपी, दिल्लीत परीक्षा किंवा कोर्टाची तारीख असलेले, अशा सगळ्यांना हा हिशेब एकदा नीट समजून घेतलेला बरा. दहावीच्या भूगोलापलीकडचं यात काही नाही.

पहिली पायरी : विमानतळ नेमका कोणता

शहराचं नाव टाकून शोधलं की घोटाळ्याला सुरुवात होते, म्हणून नावाआधी कोड बघा. जगातल्या प्रत्येक प्रवासी विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो आणि तिकिटावर, सामानाच्या पट्टीवर, बोर्डिंग पासवर तोच छापलेला असतो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा कोड आयएक्सयू, नांदेडचा एनडीसी, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, हैदराबादचा एचवायडी, दिल्लीचा डीईएल. शहराचं नाव बदललं तरी आयएक्सयू तोच राहिला आहे, त्यामुळे एखाद्या संकेतस्थळावर "छत्रपती संभाजीनगर" टाकून काहीच आलं नाही तर हा कोड टाकून बघा. बऱ्याच ठिकाणी अजून "औरंगाबाद" हेच नाव आहे.

या जुन्या नावात एक खड्डा आहे. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. अंतर सांगणाऱ्या काही संकेतस्थळांवर "औरंगाबाद ते मुंबई" टाकलं आणि उत्तर तेराशे-साडेतेराशे किलोमीटर आलं, तर समजा की यंत्रानं तुम्हाला बिहारात नेऊन बसवलं आहे. आपलं उत्तर तीनशेच्या आत यायला हवं. हैदराबादचंही तसंच, त्या नावाचं एक शहर पाकिस्तानात सिंधमध्ये आहे.

ज्या शहरात एकाहून जास्त विमानतळ आहेत तिथे अजून जपून. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय हे वेगळे आहेत, आणि एकातून उतरून दुसऱ्यातून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे हे विसरू नका. दिल्लीच्या बाबतीत हिंडन हे नाव लक्षात ठेवा. ते दिल्लीला खेटून असलं तरी उत्तर प्रदेशात, गाझियाबादला आहे, आणि नांदेडहून "दिल्ली"ला म्हणून जी सेवा चालवली गेली ती हिंडनला उतरणारी होती. द्वारका किंवा गुरुग्रामकडे काम असेल तर हिंडनहून अख्खी दिल्ली ओलांडावी लागते.

लातूर आणि धाराशिवलाही धावपट्टी आहे, नकाशात विमानाचं चिन्हही दिसतं, पण नियमित प्रवासी विमानं तिथून उडत नाहीत. मराठवाड्यात तिकीट शोधायचं ते संभाजीनगर आणि नांदेड या दोनच ठिकाणांहून. त्यातही नांदेडच्या सेवा सुरू-बंद होत आल्या आहेत, म्हणून शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर जाऊ नका.

दुसरी पायरी : अंतर स्वतः मोजा

विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग. मोजायचा सोपा उपाय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. गूगल मॅप्समध्ये एका विमानतळावर बोट दाबून धरा, खाली "अंतर मोजा" हा पर्याय येतो, मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या. झालं. "दिशानिर्देश" मात्र दाबू नका, ते रस्त्याचं अंतर सांगतं.

तरीही एकदा हातानं हिशेब करून बघावा, म्हणजे पुढे कुणी काहीही आकडा फेकला तर तो खरा की खोटा ते लगेच कळतं. कागद आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे. चिकलठाणा विमानतळ साधारण १९.८६ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.४० अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशांतला फरक ०.७७. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ०.७७ गुणिले १११, झाले ८५. रेखांशांतला फरक २.५३. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एक अंश रेखांश १११ नव्हे, १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो. २.५३ गुणिले १०५, झाले २६६. आता शाळेतला पायथागोरस : ८५ चा वर्ग ७,२२५, २६६ चा वर्ग ७०,७५६, बेरीज ७७,९८१, वर्गमूळ २७९. संभाजीनगर ते मुंबई २७९ किलोमीटर. संगणकही इतकंच सांगतो.

इथे बहुतेकांचं गणित फसतं ते अंश-मिनिटांत. अक्षांश १९ अंश ५२ मिनिटं असा लिहिलेला असेल तर तो १९.५२ नसतो. एका अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून ५२ ला ६० नं भागायचं, मग १९.८६ येतात. ही चूक झाली तर उत्तर तीस-चाळीस किलोमीटरनं सहज हुकतं.

हा कागदी हिशेब हजारभर किलोमीटरपर्यंत चालतो, फक्त १०५ हा आकडा उत्तरेकडे जाताना कमी होत जातो (दिल्लीच्या अक्षांशावर तो ९८ च्या आसपास येतो). परदेशासाठी यंत्रावरच भरवसा ठेवा. सपाट नकाशात मुंबई-न्यूयॉर्कची रेषा उत्तरेकडे धनुष्यासारखी वाकलेली दिसते ती याच गोलाईमुळे. जवळचा रस्ता खरोखर तोच असतो.

आपल्या भागातली नेहमी लागणारी अंतरं एकदाच सांगून ठेवतो, सगळी आकाशमार्गाची. संभाजीनगरहून हैदराबाद ४३३ किलोमीटर, बंगळुरू ७८१, दिल्ली ९८३. नांदेडहून हैदराबाद जेमतेम २४७, दिल्ली १,०४४, अमृतसर १,४१६. हजूर साहिबला येणाऱ्या पंजाबच्या भाविकांना हा शेवटचा आकडा कामाचा. संभाजीनगर ते नांदेड २१५. पण दोन्ही मराठवाड्यातच असूनही हा प्रवास रस्त्यानं किंवा रेल्वेनंच करायचा असतो, हा आकडा नुसता माहितीपुरता.

वैमानिकांची आणि विमानतळांची भाषा नॉटिकल मैलांची असते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एखाद्या संकेतस्थळानं संभाजीनगर-मुंबई १५० सांगितलं तर घाबरू नका, ते मैल आहेत.

तिसरी पायरी : अंतरावरून वेळ काढा

एअरबस ३२० सारखं जेट विमान उंचीवर स्थिरावलं की ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरनं जातं. दोन पंख्यांचं एटीआर ७२ ताशी पाचशेच्या आसपास. मग २७९ किलोमीटरला जेटला वीस मिनिटं पुरायला हवीत. तिकिटावर मात्र तासाच्या वर वेळ असते. बाकीचा वेळ जातो कुठे?

तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नसते. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभं राहीपर्यंतची ती वेळ. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, परवानगीची वाट बघणं आलं, उतरल्यावर परत तसंच रांगणं आलं. चिकलठाण्याला हे झटपट उरकतं. मुंबईला तसं नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते, आणि देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक त्या एका पट्टीवर चालतो. उतरायला रांग असली की विमानाला आकाशातच घिरट्या घालत ठेवतात.

दुसरं म्हणजे, इतक्या जवळच्या अंतरात विमानाला वेग धरायला सवडच मिळत नाही. उतरताना ढोबळ नियम असा की दर हजार फूट उंची सोडायला तीन नॉटिकल मैल लागतात. समजा विमान पंचवीस हजार फुटांवर गेलं, तर खाली येण्यासाठीच ७५ नॉटिकल मैल, म्हणजे १३९ किलोमीटर हवेत. एकूण अंतर २७९. म्हणजे अर्धा रस्ता उतरण्यात गेला, आणि उरलेल्यातला बराचसा चढण्यात. सीट बेल्टचा दिवा विझतो, पाण्याची बाटली हातात येते, आणि लगेच उतरायची घोषणा होते ते यामुळे. दिल्लीच्या ९८३ किलोमीटरमध्ये मात्र मधला मोठा टप्पा पूर्ण वेगानं जातो. म्हणूनच अंतर साडेतीनपट असून वेळ दुप्पटही होत नाही.

यावरून घरगुती सूत्र असं : जेट असेल तर किलोमीटरला ८०० नं भागा, तासांची मिनिटं करा आणि त्यात ३५ मिनिटं मिळवा. दिल्लीसाठी ९८३ भागिले ८००, म्हणजे सव्वा तासाला एक मिनिट कमी, अधिक ३५, झाले १ तास ४९ मिनिटं. बंगळुरूसाठी १ तास ३४. मुंबईसाठी सूत्र ५६ मिनिटं सांगतं, त्यात मुंबईच्या रांगेची दहा-पंधरा मिनिटं वाढवा. एटीआरसाठी ४८० नं भागून २५ मिळवा : हैदराबादला १ तास १९ मिनिटं येतात, तर त्याच मार्गावर जेट असेल तर १ तास ७. इतक्या जवळच्या मार्गावर पंख्याच्या विमानानं वाया जाणारा वेळ बाराच मिनिटांचा, त्यामुळे "पंख्याचं विमान नको" म्हणून हजार रुपये जास्त मोजणाऱ्यांनी एकदा विचार करावा.

विमान कंपन्या छापील वेळेत थोडी गादी भरतात, तेव्हा तुमचं उत्तर आणि तिकीट यांच्यात पाच-दहा मिनिटांचा फरक निघेलच. अर्ध्या तासाहून जास्त फरक निघाला तर मात्र बघा, विमान बहुधा मध्ये कुठेतरी थांबणारं आहे.

चौथी पायरी : तिकिटावरच्या वेळा वाचा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. देशात हा प्रश्न येत नाही, कारण सगळीकडे घड्याळ एकच. सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा केली की ब्लॉक टाइम मिळतो. परदेशात मात्र इथेच घोडं अडतं.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा मुंबईहून विमान सकाळी १०:०० ला सुटतं आणि दुबईला ११:४५ ला पोचतं. पावणेदोन तासात दुबई? नाही. दीड तास मिळवा, सव्वातीन तास. येताना उलट : दुबईहून दुपारी १:०० ला सुटून मुंबईत ५:३० ला, दिसायला साडेचार तास, त्यातून दीड वजा, तीन तास. जेद्दा अडीच तास मागे आहे. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला फोनवर वेळ सांगताना "तिथल्या घड्याळाप्रमाणे" हे शब्द न विसरता जोडा.

वेळेशेजारी "+१" लिहिलेलं असेल तर विमान दुसऱ्या दिवशी पोचतं. मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तर वेगळीच गंमत असते. "१५ तारखेला रात्री १२:४०" म्हणजे १४ तारखेला जेवून घरातून निघायचं. तारखेचा हा घोळ इतका नेहमीचा आहे की मी अशा तिकिटाच्या मागे पेनानं वार लिहायला सांगतो : "मंगळवारी रात्री जेवण करून निघणे."

मध्ये विमान बदलायचं असेल तर संकेतस्थळावर दिसणाऱ्या "एकूण वेळे"त थांब्याचे तासही धरलेले असतात. संभाजीनगरहून दुबईला मुंबईमार्गे गेलात तर अंतर पडतं २७९ अधिक १,९३० किंवा त्याच्या आसपास, म्हणजे थेट रेषेपेक्षा सत्तरेक किलोमीटरच जास्त. दिल्लीमार्गे गेलात तर ९८३ अधिक २,१९०, जवळजवळ हजार किलोमीटरचा वळसा. तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी हे बघा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ती तुमच्या गळ्यात. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत देशांतर्गतवरून आंतरराष्ट्रीयसाठी मी पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू देत नाही, मग कुणी मला भित्रा म्हणो.

जाताना एक, येताना एक

एकाच मार्गावर जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी का, असं बरेच जण विचारतात. मुख्य कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीवर घेतात, पश्चिमेकडे येणाऱ्याला तोंडावर लागतात. मुंबई-कोलकाता जाता-येता पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो तो यामुळे. संभाजीनगर-मुंबईसारख्या छोट्या टप्प्यावर वाऱ्याचा फारसा परिणाम दिसत नाही, तिथे फरक पडतो तो मुंबईच्या रांगेचा.

दुसरं कारण मार्ग. विमान तुम्ही काढलेल्या सरळ रेषेवरून जात नाही, ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जातं, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीचं टोक निवडतं आणि त्या टोकाला पोचायला वळसा घेतं. मोठ्या वळशाचं ताजं उदाहरण म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली ते. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून फिरून जावं लागलं. नकाशातलं अंतर होतं तेवढंच राहिलं, वेळ मात्र वाढली.

पाचवी पायरी : घर ते घर

खरा निर्णय इथे होतो, म्हणून घाई करू नका. संभाजीनगरच्या सिडकोत राहणाऱ्या माणसाला मुंबईत फोर्टमध्ये काम आहे असं धरू. घर ते चिकलठाणा विमानतळ, जालना रोडची गर्दी धरून, २५ मिनिटं. विमानतळावर दीड तास आधी. देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि बोर्डिंगचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी, त्यामुळे हा दीड तास चैनीचा नाही. विमान १ तास ५ मिनिटं. सामानाच्या पट्ट्यापाशी २५ मिनिटं. तिथून फोर्टपर्यंत सव्वा तास. एकूण ४ तास ४० मिनिटं.

आता वंदे भारत. संभाजीनगर ते सीएसएमटी रेल्वेनं पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर, वेळ सहा तासांच्या थोडी वर. स्टेशनला जायला आणि थांबायला मिळून चाळीस मिनिटं. एकूण पावणेसात-सात तास, आणि उतरता ते थेट फोर्टमध्येच. म्हणजे विमानानं वाचतात दोन तास, एका तासाच्या प्रवासातून पाच तास वाचतील अशी जी आपली कल्पना असते तसं काही होत नाही. हातात फक्त केबिन बॅग असेल आणि वेब चेक-इन आधीच केलं असेल तर त्यातून अजून अर्धा-पाऊण तास निघतो. मुंबईतला शेवटचा टप्पा मेट्रो ३ मुळे सुधारला आहे. टर्मिनल १ आणि २ दोन्हीकडे तिची स्थानकं आहेत आणि ती सीएसएमटीपर्यंत जाते.

माझं मत विचाराल तर संभाजीनगर-मुंबईला विमान तेव्हाच घ्या, जेव्हा पुढचं विमान पकडायचं आहे किंवा सकाळी जाऊन त्याच दिवशी परतायचं आहे. दिल्लीला मात्र विमानच घ्या, दुसरा विचारही करू नका. सचखंड एक्सप्रेसनं जवळजवळ अख्खा दिवस जातो, विमानानं घर ते घर सहा-सात तासांत काम होतं.

बीड, परभणी, हिंगोली, लातूरकरांचं गणित आणखी वेगळं. बीडहून चिकलठाण्याला सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, तीन तास धरा. मुंबईसाठी हे तीन तास मिळवले की विमानाचा फायदा उरतच नाही. म्हणून आपल्या तालुक्यावरून सगळ्यात जवळचा विमानतळ शोधताना राज्याची आणि विभागाची सीमा डोक्यातून काढून टाका. उमरग्याच्या माणसाला कलबुर्गी जवळ, उदगीरकरांना बिदर, तुळजापूर-धाराशिवला सोलापूर, वैजापूरकरांना शिर्डी. या छोट्या विमानतळांवरून मोजकीच उड्डाणं असतात, ती सध्या सुरू आहेत का आणि रोजची आहेत का हेही बघावं लागतं. लातूरहून बंगळुरू किंवा परदेशासाठी हैदराबाद गाठणारे खूप आहेत. रस्ता तीनशेच्या आसपास किलोमीटरचा असला तरी तिथून थेट उड्डाणं इतकी आहेत की मुंबईचा वळसा आणि मुक्काम दोन्ही वाचतं.

अंतर आणि मिनिटांवर पैसेही ठरतात

हे आकडे नुसते कुतूहलाचे नाहीत. छोट्या शहरांना स्वस्तात विमानानं जोडण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी अर्ध्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलं होतं. त्या योजनेची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली, आणि शिमला-दिल्लीबरोबर त्याच दिवशी हिरवा झेंडा मिळालेल्या मार्गांत नांदेड-हैदराबादही होता.

२०२५ च्या डिसेंबरात देशभर उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि भाडी आकाशाला भिडली, तेव्हा सरकारनं अंतरानुसार तात्पुरती कमाल भाडी लावली : पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, पाचशे ते हजारला १२,०००, हजार ते पंधराशेला १५,०००, त्यापुढे १८,००० (कर आणि विमानतळाचं शुल्क वेगळं). संभाजीनगर-दिल्लीचे ९८३ किलोमीटर दुसऱ्या टप्प्यात बसतात, नांदेड-दिल्लीचे १,०४४ तिसऱ्यात. साठ किलोमीटरवर तीन हजारांचा फरक.

ब्लॉक टाइमचंही तसंच. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या नियमांप्रमाणे पुरेशी आधी सूचना न देता कंपनीनं आपल्या कारणानं उड्डाण रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, आणि वर भरपाई मिळते : ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. मुंबईच्या तिकिटावर १:०० आहे की १:०५, यावर टप्पा बदलतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर विमानतळावर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही, म्हणून काउंटरवर जाऊन मागा. धुकं, वादळ किंवा सुरक्षेचं कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

निघायच्या दिवशी

तुमचं विमान चिकलठाण्याला रात्रभर तुमची वाट बघत उभं नसतं. बहुतेक वेळा तेच विमान मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादहून येतं, अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा भरलं जातं आणि परत जातं. म्हणून घरातून निघण्याआधी फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर, येणारं विमान तिकडून सुटलं का ते बघा. ते अजून जमिनीवरच असेल तर कंपनीचा निरोप यायच्या आधी तुम्हाला उशीर कळलेला असतो. तरीही काउंटरची वेळ चुकवू नका, कारण कधी कधी दुसरं विमान पाठवून वेळ सांभाळतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं असलं की त्याचा फटका दिवसभर पुढे सरकत आपल्या संध्याकाळच्या विमानापर्यंत येतो. त्या दोन महिन्यांत दिल्लीहून पुढे काही महत्त्वाचं असेल तर आदल्या दिवशी जा.

परत येताना विमान रात्री उतरणार असेल आणि पुढे जालना, बीड किंवा परभणी गाठायचं असेल, तर सिडको बसस्थानकातून शेवटची एसटी कितीला आहे ते विमानाचं तिकीट काढण्याआधीच विचारून ठेवा. विमानाला तासभर उशीर धरूनही ती बस मिळत असेल तरच तिच्यावर विसंबा, नाहीतर गाडी आधीच ठरवा आणि चालकाला विमानाचा क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे उशीर झाला तर त्यालाही घरबसल्या कळेल.